उलटणारा कर्करोग आणि दुखण्यावरची गोळी

कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढून झाली, किरणोपचार झाले, केमोथेरपीच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयातून किंवा नाशिकच्या एखाद्या दवाखान्यातून जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या गावी परतला, की घरात एकच प्रश्न मागे राहतो : रोग पुन्हा उलटू नये म्हणून आता काय घ्यायचे? या प्रश्नाला पथ्यापासून काढ्यापर्यंत शंभर उत्तरे मिळतात आणि त्यांपैकी बहुतेकांना कसलाही आधार नसतो. एक उत्तर मात्र असे आहे की ज्याच्या शोधात जगभरच्या वैद्यकाने चाळीस वर्षे घालवली आहेत, आणि ज्या वस्तूविषयी ते उत्तर आहे ती खानदेशातील जवळजवळ प्रत्येक घराच्या फळीवर आधीच ठेवलेली असते. अंगदुखीवर, कंबर धरल्यावर, दाढ सुजल्यावर घेतली जाणारी साधी वेदनाशामक गोळी कर्करोगाला पुन्हा डोके वर काढण्यापासून रोखते काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. याचे सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ असे उत्तर शास्त्राकडे नाही. कर्करोग कोणता, त्याच्या पेशींत बिघाड कोणता, गोळी कोणती आणि ती कोणाच्या देखरेखीखाली घेतली जाते, या गोष्टींवर ते उत्तर बदलते, आणि हा बदल समजून न घेता घेतलेली गोळी खानदेशाच्या हवामानात आणि राहणीत अपाय करण्याचीच शक्यता अधिक आहे.

येथे ज्या गोळ्यांचा विचार करायचा आहे त्यांना वैद्यकात स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधे म्हणतात. दाह म्हणजे इजा किंवा संसर्ग झालेल्या जागी शरीर जी लाली, सूज, उष्णता आणि वेदना निर्माण करते ती प्रतिक्रिया. ॲस्पिरिन हे या कुळातील सर्वांत जुने औषध. बायर कंपनीतील रसायनतज्ज्ञ फेलिक्स हॉफमन यांनी ते १८९७ मध्ये शुद्ध रूपात तयार केले आणि १८९९ पासून ते बाजारात आले. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, केटोरोलॅक आणि सेलेकॉक्सिब ही त्याच कुळातील पुढची औषधे होत; ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होव्हरान, डिस्प्रिन या नावांनी ती गावोगावच्या मेडिकलवर मिळतात. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिनची गोळी, ताप आणि वेदना कमी करते, पण दाहावर तिचा प्रभाव नगण्य असल्यामुळे ती या चर्चेत येत नाही, आणि हा फरक रुग्णांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ही औषधे नेमके काय करतात हे कळायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती थांबवते. या कार्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासमवेत मिळाले. प्रोस्टाग्लँडिने तयार करणाऱ्या विकराला, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, सायक्लोऑक्सिजनेज किंवा थोडक्यात कॉक्स म्हणतात आणि त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. कॉक्स-१ हे नित्याच्या कामाचे विकर असून जठराचे अस्तर आम्लापासून सुरक्षित ठेवणे, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणे आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींना सज्ज ठेवणे ही कामे त्याच्याकडे असतात. कॉक्स-२ हे मुख्यतः दाहाच्या वेळी जागे होते. सेलेकॉक्सिब प्रामुख्याने कॉक्स-२ ला अडवते, तर ॲस्पिरिन अल्प मात्रेत प्लेटलेटमधील कॉक्स-१ ला त्या पेशीच्या उरलेल्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यासाठी कायमचे निकामी करते. या औषधांचा गुण आणि दोष दोन्ही याच दोन विकरांशी जोडलेले असल्यामुळे पुढचे सारे विवेचन त्यांच्याभोवतीच फिरते.

दाह आणि कर्करोग यांचा संबंध रुडॉल्फ व्हिर्को या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाच्या लक्षात १८६३ मध्येच आला होता. गाठींच्या ऊतींत त्याला दाहाच्या पांढऱ्या पेशी आढळल्या. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी कर्करोगाच्या गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटले, आणि ही उपमा नेमकी आहे, कारण जखम भरून काढण्यासाठी शरीर ज्या नव्या रक्तवाहिन्या उगवते, ज्या पेशींना वाढीचा आदेश देते आणि ज्या प्रतिकारपेशींना आवर घालते, त्या सर्व सोयी गाठ स्वतःसाठी वापरून घेते, आणि प्रोस्टाग्लँडिने या कामात तिची मदतनीस असतात. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या आणि कोणत्याही तपासणीत न दिसणाऱ्या पेशींच्या बाबतीत आणखी एक यंत्रणा महत्त्वाची ठरते. अशा पेशी रक्तप्रवाहात शिरल्या की प्लेटलेट त्यांच्याभोवती गोळा होतात आणि प्रतिकारशक्तीपासून त्यांना आडोसा देतात. शिवाय प्लेटलेटमधून सुटणारे थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशींना मंद करते. केंब्रिज विद्यापीठातील राहुल रायचौधुरी यांच्या गटाने ही दुसरी बाब २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडली आणि ॲस्पिरिनने थ्रॉम्बॉक्सेन कमी झाल्यावर टी-पेशी पुन्हा कामाला लागतात असे दाखवले. म्हणजे गोळी रोगाला अटकाव करू शकेल असे मानायला जैविक कारण भक्कम आहे. पण उंदरात जे घडते ते माणसात घडतेच असे नाही, हे कर्करोगाच्या इतिहासाने वारंवार बजावले आहे.

माणसांमधील पहिला ठळक पुरावा मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे गॅब्रिएल क्यून यांना १९८८ मध्ये असे आढळले की नियमित ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हा कर्करोग लक्षणीयरीत्या कमी होता, आणि हृदयविकारासाठी ॲस्पिरिन दिलेल्या जुन्या चाचण्यांतील रुग्णांचे पुढे काय झाले याचा माग काढून ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल यांनी २०१० ते २०१२ या काळात कर्करोगाचे मृत्यू आणि त्याचा शरीरभर प्रसार दोन्ही कमी झाल्याचे मांडले. आनुवंशिक लिंच लक्षणसमूह असलेल्या, म्हणजे आतड्याचा कर्करोग ज्यांच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो अशा ८६१ व्यक्तींवर जॉन बर्न यांनी केलेल्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांना पुढील दीर्घ काळात हा कर्करोग झाला.

यातील लिंच चाचणी आणि रॉथवेल यांनी माग काढलेल्या जुन्या चाचण्या सोडल्या तर बराचसा पुरावा निरीक्षणाचा होता आणि निरीक्षणाच्या पुराव्यात एक सापळा असतो, जो समजून घेतल्याशिवाय या विषयावरचे कोणतेही वृत्त वाचू नये. एखाद्या रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाचे जुने केसपेपर काढले आणि उपचारांनंतर तीन वर्षे नियमित ॲस्पिरिन घेतलेल्या स्त्रिया एका बाजूला व न घेतलेल्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर पहिल्या बाजूची कोणतीही स्त्री पहिल्या तीन वर्षांत दगावलेली असणार नाही. कारण दगावली असती तर तिची तीन वर्षांची ॲस्पिरिन पुरीच झाली नसती. जिवंत राहिल्यामुळे गोळी घेता आली, पण आकडे मात्र असे दिसतात की गोळी घेतल्यामुळे ती जिवंत राहिली. त्यात भर अशी की, जो रुग्ण रोजची गोळी न चुकता घेतो तो तपासणीची तारीखही चुकवत नाही, आहाराची काळजी घेतो आणि बहुधा त्याच्या घरची स्थितीही बरी असते. उलट ज्याचे पोट बिघडले आहे, वजन उतरत चालले आहे, म्हणजे ज्याचा रोग आतून उलटू लागला आहे, त्याला डॉक्टर अशी गोळी थांबवायला सांगतात. या सर्व गोष्टींचे श्रेय नकळत गोळीच्या पदरात पडते. या सापळ्यातून सुटण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे रुग्णांची दोन गटांत वाटणी करून एकास औषध व दुसऱ्यास प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देणे, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णापासून व डॉक्टरांपासून शेवटपर्यंत गुप्त ठेवणे.

अशा चाचण्या झाल्या तेव्हा बरीच निराशा पदरी आली. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगानंतर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन ३,०२० रुग्णांवर केलेली चाचणी लाभाची आशा न उरल्यामुळे मुदतीआधीच थांबवावी लागली व तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच रोगात दोन वर्षे सेलेकॉक्सिब देणारी युरोपीय चाचणी २०२१ मध्ये निष्फळ ठरली, आणि मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातील कर्करोगात केमोथेरपीसोबत सेलेकॉक्सिब देणाऱ्या अमेरिकी चाचणीत ३ वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ७६.३ टक्के विरुद्ध ७३.४ टक्के असे इतके जवळ आले की फरक औषधाचाच आहे असे म्हणता येईना. सिंगापूरच्या पुढाकाराने झालेल्या, २०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनच्या चाचणीचाही निर्णय तसाच लागला. सत्तरीच्या पुढच्या १९,११४ निरोगी वृद्धांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झालेल्या चाचणीत तर ॲस्पिरिन घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू काहीसे जास्तच आढळले. वृत्तपत्रांत ‘ॲस्पिरिनने कर्करोग टळतो’ असा मथळा येतो तेव्हा त्याच पानावर या चाचण्यांची नावे येत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

या निराशेत २०२५ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या आन्ना मार्टलिंग यांच्या नेतृत्वाखालील चाचणीने वेगळा निकाल दिला, आणि तिचे महत्त्व आकड्यांपेक्षा तिच्या रचनेत आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड येथील मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या साडेतीन हजार रुग्णांच्या गाठी आधी तपासण्यात आल्या आणि ज्यांच्या पेशींत पीआयके-३सीए या जनुकात किंवा त्याच मार्गावरील इतर जनुकांत बदल सापडला, अशांपैकीच ६२६ जणांना चाचणीत घेण्यात आले. हे जनुक पेशीला वाढीचा आदेश देणाऱ्या मार्गावर बसलेले असते. त्यात बिघाड झाला की आदेश सतत सुरू राहतो. रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षे घेतलेल्यांपैकी ७.७ टक्क्यांचा रोग या मुदतीत उलटला, तर प्लासिबो घेतलेल्यांत हेच प्रमाण एका गटात १४.१ आणि दुसऱ्या गटात १६.८ टक्के होते. इतक्या स्वस्त औषधाने पुनरावृत्ती जवळजवळ निम्म्यावर आणावी, ही कर्करोगाच्या उपचारांतील दुर्मीळ घटना आहे. तथापि गंभीर दुष्परिणामही ॲस्पिरिनच्या गटात अधिक, म्हणजे ११.६ टक्क्यांच्या तुलनेत १६.८ टक्के होते, आणि ज्यांच्या गाठीत हा जनुकीय बदल नव्हता अशा सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही.

खानदेशाला यातून काय घेता येईल? मोठ्या आतड्याचा कर्करोग भारतात पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो. येथील पुरुषांचा कर्करोग हा प्रामुख्याने तोंडाचा आहे आणि स्त्रियांचा स्तनाचा व गर्भाशयमुखाचा. महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या रूपात सेवन करतात, असे २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आढळले आणि त्यांतील बहुसंख्य लोक ती ओढत नाहीत तर खातात. चुना मळून गालात धरलेली तंबाखू, दातांना लावलेली मिसरी आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही हाती लागणारा गुटखा ही तिची रूपे होत. टाटा रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीयांच्या सवयी आणि त्यांचे कर्करोग यांचा संबंध स्वातंत्र्याच्या सुमारासच अभ्यासायला घेतला होता, आणि त्या अभ्यासाचा इशारा आजही जुना झालेला नाही. स्कँडिनेव्हियातील आतड्याच्या कर्करोगावरचा निष्कर्ष उचलून यावल-रावेरच्या तोंडाच्या कर्करोगाला लावता येणार नाही. आपल्या रोगाचे उत्तर आपल्याच रुग्णांत शोधावे लागेल, आणि समाधानाची गोष्ट अशी की महाराष्ट्रात तो शोध खरोखरच सुरू झालेला आहे.

१९४१ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात जळगाव, भुसावळ आणि धुळ्याहून रात्रीच्या गाडीने जाणारे रुग्ण वर्षानुवर्षे दिसतात. शेकडो किलोमीटरांचे अंतर, धर्मशाळेतील जागा, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि दर तीन आठवड्यांनी शिरेतून घ्यावयाचे औषध या गणितात अनेकांचा उपचार अर्ध्यावर सुटतो. याच अनुभवातून तेथील डॉक्टरांनी, विशेषतः डॉ. श्रीपाद बनावली यांनी, मेट्रोनॉमिक उपचारपद्धतीचा आग्रह धरला. मेट्रोनोम म्हणजे संगीतात लय धरून ठेवणारे ठोक्याचे यंत्र. त्याप्रमाणे मोठी मात्रा खंड पाडून देण्याऐवजी लहान मात्रा अखंड लयीत देत राहायची, म्हणजे गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांना पुन्हा उगवायला उसंत मिळत नाही, असा या पद्धतीमागील विचार आहे. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगासाठी या पद्धतीत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या आणि रोज दोन वेळा २०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब दिले जाते. सांधेदुखीच्या रुग्णाला मेडिकलवर मिळणारे सेलेकॉक्सिब येथे रक्तवाहिन्यांची वाढ आणि दाह रोखण्यासाठी वापरलेले आहे.

डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांचा रोग उलटला होता किंवा बरा होण्यापलीकडे गेला होता अशा ४२२ रुग्णांत ही गोळ्यांची जोडी आणि शिरेतून दिले जाणारे सिस्प्लॅटिन यांची तुलना केली व २०२० मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले. आयुष्याचा मध्यक कालावधी गोळ्यांच्या गटात ७.५ महिने आणि सिस्प्लॅटिनच्या गटात ६.१ महिने होता, गंभीर दुष्परिणाम ३० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले, आणि औषध घरी बसून घेता आले. दीड महिन्याचा फरक बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण तो काळ रुग्णालयाच्या रांगेत न जाता घरच्या ओसरीवर गेला, याचे मोल ज्या घरातून असा रुग्ण गेला आहे त्या घरालाच ठाऊक असते. पुढे याच गटाने सेलेकॉक्सिब, मेथोट्रेक्झेट आणि अर्लोटिनिब या तीन गोळ्यांना निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या महागड्या औषधाच्या प्रमाणित मात्रेच्या दशांशाहूनही कमी, म्हणजे अवघ्या २० मिलिग्रॅम मात्रेची जोड दिली, तेव्हा एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

हे यश सांगताना एक सीमारेषा स्पष्ट आखली पाहिजे. या चाचण्या रोग उलटल्यानंतरच्या आहेत; उलटू नये म्हणून शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्या सेलेकॉक्सिबने तोच लाभ होईल असे त्यांवरून सिद्ध होत नाही. शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत अडकलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना हीच गोळ्यांची जोडी देऊन त्यांची इतर रुग्णांशी जोड्या लावून केलेली तुलना टाटातील डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली होती आणि तिचा कौल अनुकूल होता. पण जोड्या लावून केलेली तुलना म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : या सर्व अभ्यासांत सेलेकॉक्सिब एकटे कोठेच नाही. ते मेथोट्रेक्झेटसोबत, ठरलेल्या मात्रेत, रक्ताच्या आणि मूत्रपिंडाच्या नियमित तपासणीखाली दिलेले आहे. कागदावर लिहिलेल्या पाच औषधांतील एकच स्वस्त औषध उचलून स्वतःच्या मनाने सुरू ठेवणे, हे त्या उपचाराचे अनुकरण होत नाही.

ॲस्पिरिनच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातही महाराष्ट्राचा वाटा आहे. ब्रिटन, आयर्लंड आणि भारत या तीन देशांत २०१५ पासून उभी राहिलेली ‘ॲड-ॲस्पिरिन’ ही चाचणी स्तन, मोठे आतडे, अन्ननलिका-जठर आणि प्रोस्टेट या चार ठिकाणच्या कर्करोगांच्या उपचारांनंतर ॲस्पिरिनचा परिणाम तपासण्यासाठी आखलेली असून भारतातील तिचे संयोजन टाटा स्मारक केंद्राकडे आहे. तिच्या रचनेतील सावधगिरी लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक सहभागी व्यक्तीला प्रथम आठ आठवडे १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन ती मानवते की नाही हे पाहिले जाते आणि ज्यांना मानवते त्यांचीच पुढे १०० मिलिग्रॅम, ३०० मिलिग्रॅम आणि प्लासिबो अशी वाटणी होते. ज्या गोळीला गावात कोणी औषध मानत नाही, तिच्यासाठी तज्ज्ञांनी दोन महिन्यांची परीक्षा ठेवलेली आहे.

गोळीच्या वेळेचाही प्रश्न आहे, आणि तो येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळी होणारी इजा आणि दाह स्वतःच विखुरलेल्या पेशींना चालना देतात, असा एक विचार आहे. बेल्जियममध्ये पॅट्रिस फोर्जे यांना जुन्या नोंदींत असे दिसले होते की स्तनाच्या शस्त्रक्रियेत केटोरोलॅकचे वेदनाशामक इंजेक्शन मिळालेल्या स्त्रियांत रोग कमी उलटला. पण त्यांनीच पुढे २०३ रुग्णांवर केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो लाभ दिसला नाही. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी मात्र वेगळ्या औषधाने तोच क्षण साधला. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे जागा बधिर करणारे स्वस्त इंजेक्शन दिलेल्या स्त्रियांत ५ वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर आणि जिवंत राहण्याचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. दीड हजारांहून अधिक भारतीय स्त्रियांवर झालेला हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लिडोकेन दाहशामक गोळ्यांच्या कुळातील नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होत असेल तेथे रुग्णाने आणि नातेवाइकांनी शस्त्रक्रियेपूर्वी या इंजेक्शनाविषयी शल्यविशारदांना अवश्य विचारावे, कारण हा पुरावा आपल्याच मातीतला आहे.

अपायाची बाजू खानदेशात अधिक ठळक होते. रावेर-यावलच्या पट्ट्यात वीस-पंचवीस किलोंचा केळीचा घड दिवसभर डोक्या-खांद्यावरून वाहणारा मजूर, कापूस वेचणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर मोडलेली बाई, वीटभट्टीवरचा कामगार या सर्वांच्या अंगदुखीवर मेडिकलवरून सुट्या घेतलेल्या दोन गोळ्या हाच इलाज असतो, आणि त्या बहुधा उपाशीपोटी, चहाबरोबर घेतल्या जातात. कॉक्स-१ अडवले गेल्याने जठराचे अस्तर उघडे पडते, व्रण होतो आणि काही वेळा पोटात रक्तस्राव होऊन शौचाला डांबरासारखे काळे होते. हे लक्षण दिसताच गोळी थांबवून दवाखाना गाठला पाहिजे. ॲस्पिरिनने मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही थोडा वाढतो, आणि डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट आधीच उतरलेल्या असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणे तर घातकच ठरू शकते.

याहून कमी बोलला जाणारा धोका मूत्रपिंडाचा आहे. वैशाख-ज्येष्ठात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो; अशा उन्हात घामावाटे पाणी गेले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरण्याचे काम प्रोस्टाग्लँडिनांवर येऊन पडते आणि नेमकी तीच द्रव्ये ही गोळी बंद पाडते. ज्या रुग्णाला सिस्प्लॅटिन मिळालेले आहे त्याचे मूत्रपिंड त्या औषधाने आधीच दुबळे झालेले असते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. मोठ्या मात्रेत मेथोट्रेक्झेट चालू असताना ही गोळी त्या औषधाला शरीराबाहेर पडू देत नाही. चोपड्यापासून शिरपूरपर्यंतच्या सातपुड्याच्या पायथ्याशी सिकल सेलचा आजार असलेल्या आदिवासी कुटुंबांत मूत्रपिंडाचा प्रश्न मुळातच नाजूक असतो. हृदयाचा धोकाही विसरता येत नाही. रोफेकॉक्सिब हे सेलेकॉक्सिबचे भावंड ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घ्यावे लागले, आणि त्याचा हृदयविकाराचा दोष उघडकीला आला तो आतड्यातील कर्करोगपूर्व गाठी टाळण्यासाठी केलेल्या चाचणीतच.

अपायाची ही यादी ऐकून कर्करोगाच्या रुग्णाने वेदना सोसत राहावी, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वेदना हा वेगळा आणि तातडीचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये सांगितलेल्या पायरीपद्धतीत या गोळ्या पहिल्या पायरीवर आहेत आणि त्या पुरल्या नाहीत तर मॉर्फिनपर्यंत जाण्याचा रुग्णाला हक्क आहे; २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ते औषध मिळण्याची वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी निःशंकपणे घ्यावी. रोग उलटू नये म्हणून स्वतःच्या मनाने रोज घेऊ नये, एवढाच या विवेचनाचा रोख आहे.

आजच्या ज्ञानावरून निर्णय द्यायचा तर तो असा देता येईल : मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने आपल्या गाठीची पीआयके-३सीए तपासणी करून घेण्याविषयी आणि बदल सापडल्यास ॲस्पिरिनविषयी कर्करोगतज्ज्ञांना जरूर विचारावे, ज्या कुटुंबात हा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांनी लिंच लक्षणसमूहाची तपासणी करून घ्यावी, स्तनाच्या कर्करोगानंतर केवळ पुनरावृत्ती टाळण्यासाठी ॲस्पिरिन किंवा सेलेकॉक्सिब सुरू करण्यास आधार नाही, आणि तोंडाच्या कर्करोगात सेलेकॉक्सिबला स्थान आहे ते तज्ज्ञांनी आखलेल्या उपचाराचा भाग म्हणूनच. हृदयविकारासाठी आधीच चालू असलेली इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनचीच गोळी, मात्र या विवेचनामुळे कोणीही परस्पर बंद करू नये. तोंडाच्या कर्करोगातून उठलेल्या माणसासाठी रोग पुन्हा उलटू न देणारा सर्वांत खात्रीचा उपाय तंबाखू कायमची सोडणे हाच आहे, आणि त्याची बरोबरी करणारी गोळी अजून निघालेली नाही.

धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे उपचारांनंतर पाठपुराव्याला येणाऱ्या प्रत्येक कर्करुग्णाच्या केसपेपरवर तो कोणती वेदनाशामक गोळी, किती आणि किती दिवसांपासून घेतो याची एक ओळ लिहिली गेली, तर खानदेशाच्या रुग्णांविषयीचे ज्ञान खानदेशातच जमा होऊ लागेल आणि पुढच्या चाचण्यांत येथील माणसाला जागा मागता येईल. त्यासाठी रुग्णांनीही एक करावे : पुढच्या तपासणीला निघताना घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे, मेडिकलवरून आणलेली, शेजाऱ्याने दिलेली, बाजारातून आणलेली बिननावाची पुडीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावीत आणि यांतील कोणती चालू ठेवायची हे त्यांच्या तोंडून ऐकूनच उठावे.